कोडचा वेळ मोजताना प्रोसेसरचा वेग बदलत असेल तर

इंटेलचा कोअर आय७-६७०० घेऊ. त्याचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये तो ४.० पर्यंत चढतो आणि काम नसलं की ८०० मेगाहर्ट्झवर उतरतो. बरोबर १००० सायकल (प्रोसेसरचे ठोके) घेणारं एक फंक्शन त्यावर चालवलं, तर ४.० गिगाहर्ट्झला ते २५० नॅनोसेकंदांत संपतं, ३.४ ला २९४ लागतात आणि ८०० मेगाहर्ट्झला १२५०. कोड तोच, इनपुट तेच, यंत्रही तेच, तरी वेळेत पाचपट फरक. नवशिक्या माणसाने सकाळी एक आकडा काढला, दुपारी कोडमध्ये सुधारणा करून दुसरा काढला आणि दोन्हींची तुलना केली, तर त्याने सुधारणा मोजली की प्रोसेसरचा मूड, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

हे टाळण्यासाठी काय करायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे. मुख्यतः लिनक्स आणि एक्स८६ (इंटेल आणि एएमडीचे) प्रोसेसर धरून लिहिलं आहे, आर्मबद्दल शेवटी. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी एकक ठरवा

मोजण्याची एककं तीन आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो. पहिलं नॅनोसेकंद, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा वेळ. दुसरं कोअरची सायकल, म्हणजे कोअरने त्या क्षणी ज्या वेगाने ठोके टाकले ते ठोके. तिसरं टाइमस्टॅम्प काउंटरचा टिक, ज्याला पुढे टीएससी म्हणू.

हा काउंटर वाचण्याची आरडीटीएससी ही सूचना इंटेलने १९९३ साली पेंटियममध्ये आणली. तेव्हा कोअरचा वेग ठरलेला असे, म्हणून टिक म्हणजेच सायकल. पुढे लॅपटॉपमध्ये वेग कमी-जास्त करण्याची सोय आली, तेव्हा वेगाबरोबर टीएससीही मंदावू लागला आणि वेळ मोजायला तो निकामी ठरला. मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनी तो एका ठरावीक गतीला बांधून टाकला. इंटेलमध्ये २००८ च्या नेहालेम पिढीपासून तो टर्बोत पळत नाही, वेग उतरला म्हणून रेंगाळत नाही आणि कोअर गाढ झोपेत गेला तरी थांबत नाही. म्हणजे आजचा टीएससी उत्तम घड्याळ आहे, पण सायकली मोजत नाही. वरचं १००० सायकलींचं फंक्शन ४.० गिगाहर्ट्झला साधारण ८५० टिक दाखवेल आणि ८०० मेगाहर्ट्झला ४२५०. ‘आरडीटीएससी सायकली देतं’ असं सांगणारे जुने धडे अजून सगळीकडे सापडतात. त्यावर विसंबून ‘माझं फंक्शन ८५० सायकलींत होतं’ असं लिहिलं, की आकडा चुकलाच.

स्वतःला विचारायचा प्रश्न असा: वापरणाऱ्याला किती वेळ थांबावं लागतं हे हवं आहे, की माझ्या आतल्या लूपची रचना चांगली झाली का हे हवं आहे? पहिल्यासाठी नॅनोसेकंद, दुसऱ्यासाठी सायकली. टिक हे फक्त साधन आहे, तो आकडा कोणाला सांगण्यासारखा नाही.

सायकलींनाही एक मर्यादा आहे. रॅमपर्यंत जाऊन यायला समजा ८० नॅनोसेकंद लागतात. कोअर २ गिगाहर्ट्झला असेल तर या वाट पाहण्यात १६० सायकली जातात, ४ गिगाहर्ट्झला ३२०. रॅम कोअरच्या तालावर चालत नाही. त्यामुळे कॅशेत मावणाऱ्या कोडसाठी सायकली हे एकक स्थिर राहतं. मोठ्या अॅरेमध्ये इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या कोडसाठी वेग बदलला की सायकलींचा आकडाही बदलतो. अशा कोडची तुलना एकाच वेगावर करावी लागते, दुसरा इलाज नाही.

घड्याळ तपासा

‘प्रॉक’ खालची ‘सीपीयू-इन्फो’ ही फाइल उघडा. फ्लॅगांच्या ओळीत ‘कॉन्स्टंट-टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप-टीएससी’ हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. मग ‘सिस’ खाली क्लॉकसोर्सच्या फोल्डरात सध्याचा क्लॉकसोर्स, म्हणजे कर्नल वेळेसाठी वापरतं ते घड्याळ, कोणता ते पाहा. तिथे ‘टीएससी’ असेल तर ठीक. ‘एचपेट’ किंवा ‘एसीपीआय-पीएम’ असेल, तर कर्नलने टीएससीवर भरवसा ठेवलेला नाही. मग वेळ विचारणारी प्रत्येक हाक कर्नलमध्ये जाते आणि तिला मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ लागतो. टीएससी असताना हेच काम वीस-पंचवीस नॅनोसेकंदांत होतं.

टीएससीची नेमकी गती कर्नल सुरू होतानाच मोजतं. ‘डीमेसेज’च्या नोंदीत टीएससी शोधलं की सापडते. वरच्या आय७-६७०० वर ती ३४०८ मेगाहर्ट्झ असते, ३४०० नव्हे, कारण ती २४ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची १४२ पट आहे. खोक्यावर छापलेला आकडा सूत्रात घालू नका.

प्रोग्राममधून वेळ घेताना ‘क्लॉक-गेटटाइम’ला ‘मोनोटॉनिक’ किंवा ‘मोनोटॉनिक-रॉ’ घड्याळ द्या. रॉ घड्याळाला इंटरनेटवरून होणारी वेळेची दुरुस्ती लागत नाही. सी++ मध्ये ‘स्टेडी-क्लॉक’ वापरा. ‘हाय-रेझोल्यूशन-क्लॉक’ हे नाव आकर्षक आहे, पण जीसीसीच्या लायब्ररीत ते साध्या सिस्टम-क्लॉकचंच दुसरं नाव आहे आणि ते मागेही जाऊ शकतं. जावात ‘नॅनोटाइम’, पायथनमध्ये ‘पर्फ-काउंटर-एनएस’.

यंत्र शांत करा

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. ब्राउझर बंद करा, व्हिडिओ कॉल तर नक्कीच. मग खालच्या गोष्टी याच क्रमाने करा, कारण पहिली चुकली तर पुढच्यांचा उपयोग नाही.

प्रोग्राम एका कोअरला बांधा. त्यासाठी ‘टास्कसेट’ कमांड आहे. कोअर शून्य टाळा. अनेक यंत्रांवर बरेच इंटरप्ट तिथेच येतात. २०२१ च्या अल्डर लेकपासून इंटेलच्या कित्येक चिपांवर मोठे पी-कोअर आणि छोटे ई-कोअर असे दोन प्रकार असतात. तिथे कोअर न बांधता मोजणं म्हणजे दोन वेगळ्या प्रोसेसरांचं मिश्रण मोजणं. हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन थ्रेड) असेल तर त्याच कोअरचा जुळा थ्रेड मोकळा ठेवा, नाहीतर ‘एसएमटी’ फोल्डरातल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑफ’ लिहून जुळे थ्रेड बंदच करा.

गव्हर्नर, म्हणजे कोअरचा वेग किती ठेवायचा ते ठरवणारं कर्नलचं धोरण, ‘परफॉर्मन्स’ करा. ‘सीपीयूपॉवर’ कमांडने होतं. इथे एक गैरसमज फार दिसतो: परफॉर्मन्स म्हणजे वेग स्थिर झाला, असा. तो स्थिर होत नाही. वेग चढाच ठेवायचा, एवढंच त्याने ठरतं. टर्बो चालू असेल तर तो तापमान, वीज आणि जागे असलेले कोअर पाहून वरखाली होतच राहतो.

म्हणून टर्बो बंद करा. इंटेलवर ‘इंटेल-पीस्टेट’ फोल्डरातल्या ‘नो-टर्बो’ फाइलीत १ लिहायचा. जुन्या पद्धतीचा ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ ड्रायव्हर असेल तर ‘सीपीयूफ्रेक’ फोल्डरातल्या ‘बूस्ट’ फाइलीत ०. दोन्हीला रूटचा (यंत्राच्या प्रशासकाचा) अधिकार लागतो, आणि यंत्र पुन्हा सुरू केलं की दोन्ही पूर्ववत होतात. आता कोअर मूळ वेगाच्या आसपास टिकेल आणि टिक व सायकल जवळजवळ सारखे होतील. तरीही ‘जवळजवळ’ हा शब्द विसरू नका.

लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. चिपला काही सेकंद जास्त वीज ओढण्याची मुभा असते, पुष्कळदा २८ सेकंदांच्या आसपास, आणि मग तिला दीर्घकाळाच्या कमी मर्यादेवर आणलं जातं. त्यामुळे पहिली दहा मोजमापं झकास येतात आणि नंतरची मंद. उष्णतेचंही तसंच. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पंखा पूर्ण ओरडत असताना घेतलेलं मोजमाप आणि जानेवारीतल्या पहाटेचं मोजमाप टर्बो चालू ठेवून शेजारी मांडता येत नाही.

मोजपट्टी: गुणाकारांची साखळी

यंत्र आपलं नसेल, ऑफिसचा लॅपटॉप असेल, रूट मिळत नसेल, तर वरचं निम्मं करता येत नाही. तेव्हा उपयोगी पडते ती पुढची युक्ती. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच ठेवा: कोडबरोबर कोअरचा वेगही मोजा.

इंटेलच्या पी-कोअरवर आणि एएमडीच्या झेन कुळात ३२ बिटांच्या पूर्णांक गुणाकाराचं उत्तर ३ सायकलींनी मिळतं. प्रत्येक गुणाकाराला आधीच्याचं उत्तर लागेल अशी साखळी केली, की प्रोसेसरला काहीही समांतर करता येत नाही. अशा १०,००० गुणाकारांना ३०,००० सायकली लागतात, वेग काहीही असो. लूपचा मोजणीदार आणि उडी हे गुणाकाराची वाट पाहतानाच उरकतात, त्यांचा भार वाढत नाही. शेवटी एक चुकलेला ब्रँच अंदाज, पंधरा-वीस सायकलींचा. तो सोडून द्या.

सी मध्ये लिहिताना एक बिनचिन्ह ३२ बिटी चल घ्या आणि लूपमध्ये त्याला एका विषम संख्येने गुणत राहा. प्रत्येक गुणाकारानंतर एक रिकामं असेंब्ली विधान घाला, ज्यात तो चल वाचला आणि बदलला जातो असं कंपायलरला सांगितलेलं असेल. हे न केल्यास कंपायलर दोन-चार गुणाकार मिळून एक करू शकतो आणि मोजपट्टीच आखूड होते. गुणाकाराऐवजी साधी बेरीज घेऊ नका. अल्डर लेकच्या पी-कोअरमध्ये छोट्या स्थिर संख्येची बेरीज अंमलबजावणीपर्यंत न जाताच उरकते, त्यामुळे ‘एक बेरीज म्हणजे एक सायकल’ हा हिशेब तिथे मोडतो.

आता वापर. मोजपट्टी तीनदा चालवा, सर्वांत कमी टिक घ्या. मग तुमचा कोड मोजा. मग पुन्हा मोजपट्टी. आधीच्या आणि नंतरच्या मोजपट्टीत एक टक्क्याहून जास्त फरक असेल, तर मधल्या काळात वेग बदलला. तो नमुना फेकून द्या. फरक नसेल तर कोडचे टिक गुणिले ३०,००० भागिले मोजपट्टीचे टिक, या तुमच्या सायकली.

उदाहरणार्थ मोजपट्टीला २५,५०० टिक लागले आणि फंक्शनच्या १००० फेऱ्यांना ८,५०,००० टिक. उत्तर १०,००,००० सायकली, म्हणजे फेरीला १०००. टर्बो चालू आहे की बंद, हे न विचारताच योग्य आकडा मिळाला.

नमुना किती मोठा घ्यायचा

एकच फेरी मोजू नका. वेळ विचारण्यालाच वीस-पंचवीस नॅनोसेकंद जातात, तेव्हा १०० नॅनोसेकंदांचं फंक्शन एकेकदा मोजलं तर पाव आकडा घड्याळाचाच असतो. उलट नमुना फार मोठा केला तर त्यात शेड्यूलरचा ठोका हमखास येतो. २५० हर्ट्झच्या कर्नलमध्ये तो दर ४ मिलीसेकंदांनी असतो. १०० मायक्रोसेकंद ते १ मिलीसेकंद हा पट्टा बरा. फंक्शनच्या तेवढ्या फेऱ्या एका नमुन्यात बसवा आणि असे निदान २०० नमुने घ्या.

त्याआधी कोड १०० मिलीसेकंद तरी नुसताच चालवा. झोपलेला कोअर लगेच पूर्ण वेगाला येत नाही; जुन्या गव्हर्नरांवर त्याला दहा-दहा मिलीसेकंद लागतात. मेमरीच्या पानांना पहिला स्पर्श होतो तेव्हा कर्नल ती पानं देतं, तोही खर्च या गरम करण्यातच निघून जाऊ द्या. जावात यात जेआयटी कंपायलरचा (प्रोग्राम चालू असतानाच कोड कंपाइल करणाऱ्याचा) वेळही येतो, त्यामुळे तिथे १०० मिलीसेकंद पुरत नाहीत, काही सेकंद द्या.

उत्तर वापरलं जाईल अशी व्यवस्था करा. फंक्शनने काढलेलं मूल्य कुठेच वापरलं नाही, तर ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपायलर सगळं कामच काढून टाकतो आणि तुम्हाला शून्याजवळचा, फार आनंद देणारा आकडा मिळतो. फेरीला एखादी सायकल किंवा त्याहून कमी दिसली, की आधी हीच शंका घ्या.

अगदी छोटा तुकडा थेट आरडीटीएससीने मोजत असाल, तर लक्षात ठेवा: ही सूचना आपल्या जागी थांबून राहत नाही. प्रोसेसर सूचनांचा क्रम पुढेमागे करतो, आणि घड्याळ वाचणं कोडच्या आधी किंवा मध्येच होऊन जातं. म्हणून क्रम अडवून धरणारी एलफेन्स ही सूचना वापरा: सुरुवातीला एलफेन्स, आरडीटीएससी, पुन्हा एलफेन्स. शेवटी आरडीटीएससीपी आणि त्यामागे एलफेन्स. जीसीसी आणि क्लँगमध्ये यासाठी तयार इंट्रिन्सिक्स आहेत. मधला तुकडा रिकामा ठेवून हाच क्रम चालवा. जे टिक येतील तो घड्याळाचा स्वतःचा खर्च, तो वजा करा.

थेट सायकली: पर्फ

रूट असेल किंवा यंत्र स्वतःचं असेल, तर प्रोसेसरचे हार्डवेअर काउंटर सर्वांत स्वच्छ उत्तर देतात. ते वाचायला लिनक्सवर ‘पर्फ’ हे साधन आहे. ‘पर्फ स्टॅट’ला ‘सायकल्स’, ‘रेफ-सायकल्स’ आणि ‘इन्स्ट्रक्शन्स’ या तीन घटना द्या, प्रत्येकीपुढे विसर्गासारखं चिन्ह आणि ‘यू’ लावा, म्हणजे फक्त तुमच्या प्रोग्रामचं काम मोजलं जाईल, कर्नलचं नाही. रेफ-सायकल्स ठरलेल्या गतीने वाढतात, सायकल्स खऱ्या वेगाने. सायकल्स भागिले रेफ-सायकल्स, गुणिले टीएससीची गती, हा त्या काळातला सरासरी वेग. वेगळ्या खिडकीत ‘टर्बोस्टॅट’ चालवलं तर ‘बिझी-मेगाहर्ट्झ’च्या रकान्यात तोच आकडा दिसला पाहिजे.

पर्फ स्टॅट पूर्ण प्रोग्राम मोजतं, सुरुवातीचं लोडिंगसुद्धा. म्हणून एकदा १० लाख फेऱ्या, एकदा २० लाख फेऱ्या चालवा आणि वजाबाकी करा. सुरुवातीचा खर्च दोन्हीकडे सारखा असल्याने निघून जातो.

परवानगी नाही असं आलं, तर ‘पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड’ची किंमत पाहा. २ असेल तर स्वतःचा प्रोग्राम मोजता येतो. उबुंटूवर ती बहुधा ४ असते, आणि मग रूटशिवाय सगळं बंद. ‘नॉट सपोर्टेड’ आलं, तर तुम्ही बहुतेक व्हर्च्युअल मशिनमध्ये आहात आणि काउंटर तुमच्यापर्यंत पोचवलेलेच नाहीत. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या छोट्या यंत्रांवर हे नेहमीचं आहे. तिथे मोजपट्टीची युक्ती चालते, पण शेजारच्या भाडेकरूने कोअर हिसकावला तर तो नमुना मोठा येतो. असे नमुने टाकून द्यायचे.

आकडे वाचताना

मोजमापातला गोंगाट एकाच बाजूचा असतो. इंटरप्ट आला तर वेळ वाढतो, कमी कधी होत नाही. म्हणून किमान आकडा घ्यावा असं सांगतात, आणि वेग स्थिर असेल तेव्हा ते योग्यच आहे. पण टर्बो चालू ठेवून टिकांचा किमान घेतला, तर योगायोगाने सर्वांत जास्त वेग मिळाला तो क्षण निवडला जातो. तेव्हा आधी मोजपट्टीने सायकलींत बदला आणि मगच किमान काढा. नॅनोसेकंदच हवे असतील तर मध्यक द्या, आणि सोबत दहावा व नव्वदावा शतमक.

दोन पर्यायांची तुलना करताना आधी सगळा ‘अ’ आणि मग सगळा ‘ब’ असं करू नका. अ, ब, अ, ब असे आळीपाळीने चालवा. चिप तापत गेली तर तापण्याचा भार दोघांवर सारखा पडतो. ही एक सवय लावली तरी निम्मे खोटे ‘विजय’ नाहीसे होतात.

एव्हीएक्स-५१२ (एकदम ५१२ बिट हाताळणाऱ्या सूचना) वापरणारा कोड असेल तर आणखी सावध राहा. २०१७ च्या स्कायलेक सर्व्हर चिपांवर जड ५१२ बिटी सूचना आल्या की कोअर आपला वेग खाली आणतो, आणि त्या संपल्यावरही सुमारे २ मिलीसेकंद खालीच राहतो. म्हणजे ‘अ’ने वेग पाडला आणि मोजला गेला ‘ब’. अशा वेळी दोघांमध्ये ५ मिलीसेकंद साधा पूर्णांकी कोड चालवून मगच ‘ब’ सुरू करा.

आर्मवर

इथे सर्वसामान्य प्रोग्रामला वाचता येणारा काउंटर टीएससीपेक्षा बराच सावकाश चालतो. अॅपलच्या एम१ वर तो २४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक टिक जवळजवळ ४२ नॅनोसेकंदांचा. रास्पबेरी पाय ४ वर ५४ मेगाहर्ट्झचा, टिक १८.५ नॅनोसेकंदांचा. नमुना मोठा घेण्याला इथे पर्यायच नाही. सायकली मोजणारा वेगळा काउंटर आहे, पण तो प्रोग्रामसाठी बंद ठेवलेला असतो; लिनक्सवर पर्फमधूनच गाठा. गुणाकाराची ३ सायकल ही किंमत आर्मच्या प्रत्येक कोअरला लागू आहे असं धरू नका. पर्फने एकदा साखळी मोजा आणि त्या कोअरची किंमत लिहून ठेवा.

पाय ४ चा वेग ६०० ते १५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे अडीचपट फरक. त्याला मोबाइलचा चार्जर लावणारे पुष्कळ आहेत, आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड वेग कमी करतो. ८० अंश सेल्सियसच्या पुढे तापला तरी तेच. ‘व्हीसीजेनकमांड’ला ‘गेट-थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य आलं तरच मोजमाप ठेवा. या उत्तरातले वरचे बिट मागे घडून गेलेली गोष्टही लक्षात ठेवतात, म्हणून कमांड मोजमापाच्या आधी नाही, नंतर चालवा.

शेवटी आकडा कुठे लिहाल तिथे त्याच्याबरोबर हेही लिहा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, टीएससीची गती, गव्हर्नर, टर्बो चालू की बंद, कोणता कोअर, कंपायलरची आवृत्ती आणि ऑप्टिमायझेशनची पातळी, एका नमुन्यातल्या फेऱ्या, एकूण नमुने, फेकलेले नमुने, आणि आधी-नंतरच्या मोजपट्टीचे टिक.